पोकलेनवाल्या काकू

माझी बदली सांगलीहून वर्ध्याला झाली, तेव्हा बँकेतल्या सगळ्यांनी मला दोन गोष्टी बजावून सांगितल्या. उन्हाळ्यात तोंडाला दुपट्टा बांधल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, आणि खोली घेताना कूलरला खिडकी आहे का ते आधी बघायचं. घरमालकीण कशी आहे ते बघावं, असं मात्र कोणी सांगितलं नाही.

सिंदी मेघेतल्या एका घरावर खोली भाड्याने देण्याची पाटी दिसली, म्हणून मी फाटक वाजवलं. मे महिन्यातली दुपार होती. ओसरीवर एक म्हातारे गृहस्थ रेडिओ ऐकत बसले होते. त्यांनी बोलायचे कष्ट न घेता शेजारच्या मोकळ्या प्लॉटकडे बोट दाखवलं. तिथे एक पिवळा पोकलेन उभा होता. रस्त्याच्या कामावर लांब सोंडेनं माती उपसताना दिसतो, तसलाच. इंजिन चालू होतं. वरच्या काचेच्या केबिनमध्ये, ऑपरेटरच्या खुर्चीत, डोक्यावर पदर घेतलेली एक बाई लसूण सोलत बसली होती.

तिनं दार जरासं उघडलं. "वर ये. चप्पल खालीच काढजो. अन् दार लवकर लाव वं, हवा जाते."

मी चढले. आतमध्ये एका माणसाचीच जागा. मी खुर्चीच्या बाजूला अंग चोरून उभी राहिले आणि तोल सावरायला समोरचा दांडा धरला. बाईंनी माझ्या हातावर चापट मारली. "दांड्याले हात नको लावू, भिंत पाडशीन." पण बाहेर डांबर वितळत होतं आणि इथे माघातल्या पहाटेसारखी हवा होती. ती चापटसुद्धा मला गोड लागली.

भाड्याचं बोलणं चटकन झालं. लांबली ती बाकीची चौकशी. घरात कोणाला खोकला आहे का? झाडताना कोरडं झाडतेस की पाणी शिंपडून? अंथरुणं कुठे झटकतेस? मी सांगितलं ते त्यांना पटलं असावं, कारण त्या म्हणाल्या, "उद्या येजो सामान घेऊन. आता मी अर्धा घंटा बसतो इथीसा." बाईमाणूस 'मी बसतो' म्हणते याची मला गंमत वाटली. वर्षभरात मीही 'मी येतो' म्हणायला लागले आणि सांगलीला आई घाबरली.

काकूंनी पोकलेन घेतला त्याची गोष्ट गल्लीत सगळ्यांना पाठ होती. तळेगावकडे त्यांच्या वडिलांच्या वाट्याची जमीन रस्त्यात गेली. तो पैसा आला तेव्हा त्यांच्या भावांनी गाड्या घेतल्या, एकानं वरचा मजला चढवला. काकू गेल्या आणि एक जुना पण धडधाकट पोकलेन घेऊन आल्या. तो ट्रेलरवरून गल्लीत शिरला तेव्हा विजेच्या तारा बांबूनं उचलून धराव्या लागल्या होत्या. घेताना त्यांनी इंजिन बघितलं नाही, साखळी बघितली नाही, दलालाला एवढंच विचारलं की याच्या काचा अख्ख्या आहेत का आणि एसी चालतो का. दलालाला वाटलं, बाईला काही कळत नाही.

त्यांना काय कळत होतं, ते ओसरीवर बसलेलं होतं. काकांनी उमेदीची सगळी वर्षं गिट्टी खदानीत मशीन चालवली होती. तेव्हाच्या मशीनला काच नसायची. असली तरी पहिल्याच महिन्यात फुटायची, आणि फुटलेली काच परत बसवावी हे कुठल्या मालकाच्या डोक्यात यायचं नाही. तोंडाला दुपट्टा गुंडाळायचा आणि दिवसभर दगड भरायचे. दगडाची ती बारीक धूळ काकांच्या छातीत बसली ती बसलीच. फाटकापर्यंत जाऊन आले की काका खुर्चीची पाठ धरून थोडा वेळ उभे राहायचे, आणि आपण सहजच उभे आहोत असं दाखवायचे.

तेव्हापासून काकूंचं धुळीशी वैर. मास्तर असलेल्या पुतण्याला त्यांनी फळा ओल्या फडक्यानं पुसायला लावला. आठवडी बाजारात मिरचीच्या ढिगाजवळून जाताना त्या श्वास रोखून धरायच्या आणि भाव मात्र खुणेनं करायच्या. आणि पोकलेनची केबिन म्हणजे त्यांचं देवघरच, असं लोक समजायचे. ते समजायलाही कारण होतं. मशीन कामावर निघायच्या सकाळी काकू केबिनमधला पंखा चालू करून दाराला बोटभर फट ठेवायच्या, आणि बाहेर शिडीवर उभ्या राहून त्या फटीपाशी वरून खालपर्यंत अगरबत्ती फिरवायच्या. बुद्धवंदनेच्या पुड्यातलीच अगरबत्ती. एकदा मशीन न्यायला आलेल्या ठेकेदारानं ते पाहून हात जोडले आणि मुकाट्यानं नारळ आणायला गेला. समोरच्या घरातल्या बाई काकूंना म्हणाल्या, तुमच्यात मशीनची पूजा असते हे माहीत नव्हतं.

"पूजा कायची वं," काकू म्हणाल्या, "हवा पाहून राह्यली."

मग मला समजावून सांगितलं. केबिन नीट बंद असली आणि पंखा गाळलेली हवा आत ढकलत असला, की आतली हवा जराशी फुगलेली राहते. फटीतून ती बाहेर पळते. धूर बाहेर ढकलला गेला तर केबिन बरी. धूर आत शिरला तर उद्या धूळही शिरणार, म्हणजे कुठलं तरी रबर फाटलंय. ठेकेदाराचा नारळ त्यांनी परत दिला नाही. त्याची बर्फी केली.

काम नसलं की मशीन प्लॉटवर उभी असायची, आणि तिचं इंजिन आठवड्यातून एकदा तरी चालू करावंच लागतं, असा काकूंचा दावा होता. चालू केलंच आहे तर वाया का घालवायचं, म्हणून उन्हाळ्यात त्या लसूण घेऊन वर बसायच्या. डिसेंबरात वर्ध्याला चांगलाच गारठा पडतो, तेव्हा खालच्या जाळीतून गरम हवा सोडायच्या आणि दही लागायला पातेलं सीटवर ठेवून यायच्या. इंजिन बंद केल्यावरही काचेच्या त्या खोलीत ऊब टिकायची. दही घट्ट लागायचं, पण त्याला जरासा डिझेलचा वास यायचा. काका म्हणायचे, मशीन चालवायची का खानावळ चालवायची, एकदा ठरवा. आणि दही वाढून घ्यायचे.

मशीन चालवायचा सुखदेव. आर्वीकडचा, तिशीतला, हाताला हलका आणि बोलायला लाजाळू. ऑपरेटर म्हणून त्याला काकूंचे नियम पाळावे लागायचे. चप्पल खाली काढून केबिनमध्ये चढायचं, कारण पायाची माती आत गेली की पंखा तीच फिरवतो. काच बंद ठेवायची. आणि दर रविवारी मोटारसायकलवरून हवेचा जुना फिल्टर आणून काकूंना दाखवायचा, नवा घेऊन जायचा. काकू तो फिल्टर उन्हात धरून असा निरखायच्या, जशी एखादी आई मुलाची जीभ बघते.

मी आले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मशीन आर्वी रोडवरच्या एका खदानीत, दगड भरडणाऱ्या क्रशरवर लागली होती. पावसाळ्याआधीचा मोसम, सगळ्यात चांगलं काम. एका रविवारी सुखदेव आला आणि त्यानं फिल्टर पुढे केला. मी अंगणातच होते. फिल्टर अगदी स्वच्छ, जवळजवळ पांढरा. मला वाटलं, आता त्याला शाबासकी मिळणार. काकूंनी मात्र तो उलटासुलटा केला, धुतला का म्हणून विचारलं. तो नाही म्हणाला. काकूंनी त्याला चहा दिला, नवा फिल्टर दिला, आणि तो गेल्यावर मला म्हणाल्या, "क्रशरवरून आलेला फिल्टर पांढरा असते का कुठी? पंखा चालूच नाई केला कोणी."

दुसऱ्या दिवशी बँकेला सुट्टी होती. तेवढ्यावरून काकू माझ्या स्कूटीवर मागे बसल्या.

वाटेत त्यांनी मला सगळा कट समजावला. खदानीचे मॅनेजर एसीचा पट्टा काढून टाकतात. का, तर डिझेल वाचतं, आणि गार हवेत ऑपरेटर झोपतो असं त्यांना वाटतं. गार हवाच नसली की ऑपरेटर पंखा बंद करून काच उघडतो. असले मॅनेजर त्यांनी पुष्कळ पाहिले होते. आज पट्टा तरी परत बसेल, नाहीतर मॅनेजर तरी बसेल, अशा बेतानं त्या निघाल्या होत्या.

खदानीत पोचलो तर सगळं पांढरं. झाडं पांढरी, टिप्पर पांढरे, कडेच्या संत्र्याच्या बागेची पानंसुद्धा पीठ भुरभुरल्यासारखी. मॅनेजर पत्र्याच्या खोलीतून बाहेर आला आणि काकूंनी सुरुवात केली. माझ्या नवऱ्याच्या छातीचा फोटो पाहायचा का तुम्हाला, इथून त्यांनी जो धागा धरला तो बराच वेळ सोडला नाही. मॅनेजर चाळिशीचा, नागपूरचा माणूस; त्यानं निमूट ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाला, मशीनला आमच्या कोणी हातही लावलेला नाही, वाटल्यास उघडून बघा. आणि बाई विचारताच आहात तर सांगतो, बंद केबिनमध्ये माणसाला डुलकी लागतेच आणि खालून मारलेली हाक त्याला ऐकू जात नाही, हे काही खोटं नाही. काकूंकडे याचंही उत्तर होतं, पण ते देणार तेवढ्यात सुखदेव मशीनवरून उतरून आला. भुवयांपर्यंत पांढरा. केबिनची पुढची काच सताड उघडी होती.

"काकू, यायनं काई नाई केलं," तो म्हणाला. "मीच बंद ठेवतो."

"काऊन?"

तो क्रशरकडे बघायला लागला. क्रशरच्या सरकत्या पट्ट्याखाली पाच-सहा बाया फावड्यानं चुरी ओढत होत्या. दगड भरडल्यावर उरतो तो पिठासारखा चुरा, त्याला तिकडे चुरी म्हणतात. बायांच्या डोळ्यांशिवाय काही दिसत नव्हतं.

"त्या बाया आमच्याच गावच्या हायेत. एक तं माही चुलत बहीण हाय. सकाळी मी वर चढलो का म्हणतात, चालला पाह्य काश्मीरले. हासतात. मजाकच हाय ते. पण दुपारी त्याईले हासू बी येत नाई." त्यानं भुवयांवरची धूळ पुसली. "मी दगड टाकतो तवा जे उडते, ते त्याईच्याच तोंडात जाते, काकू. मी थंड्या हवेत बसून ते पाहू का? काच उघडली का जरा बरं वाटते."

काकूंनी सुखदेवकडे पाहिलं, मग बायांकडे पाहिलं. मॅनेजरनं आमच्यासाठी चहा सांगितला होता, तो आम्ही प्यायलो नाही. परतीच्या वाटेवर मागे कोणी बसलंय की रस्त्यात पडलंय, हे बघायला मला दोनदा मान वळवावी लागली.

घरी आल्यावर त्यांनी सगळं काकांना सांगितलं. सांगताना मध्येमध्ये सुखदेवला मूर्ख म्हटलं, पण त्यात जीव नव्हता. काकांनी रेडिओ बंद केला.

"पोरगं बरोबर हाय," ते म्हणाले. "काच हाय ते, भिंत नाई. आतल्याले बाहेरचं दिसतेच न." मग श्वास घ्यायला थांबले. "माही मशीन बी उडवतच होती धूळ. खाली कोण कोण होतं, आता नावं बी आठवत नाईत."

काकू चिडून म्हणाल्या, मग आता त्या बायांसाठीही केबिन बांधू का एकेक?

"पाणी मारा म्हणा त्याईले," काका म्हणाले. "ओला दगड उडत नाई." आणि रेडिओ लावला.

पाणी मारायचं म्हणजे क्रशरच्या पट्ट्यावर नळी टाकायची आणि बारीक फवारा सोडायचा. काकू दुसऱ्या दिवशी एसटीनं एकट्याच गेल्या आणि मॅनेजरला तेवढंच सांगून आल्या. तो म्हणाला, उन्हाळ्यात प्यायला टँकर लागतो इथे, दगडाला कुठून पाणी पाजू? शिवाय खदानीचे मालक नागपूरला असतात, त्यांना विचारावं लागेल. मालकांनी नाही म्हटलं. काकूंनी ट्रेलर बोलावला आणि ऐन मोसमात मशीन घरी आणून उभी केली.

गल्लीतल्या सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं, आणि सगळ्यात जास्त राग आला तो सुखदेवला. तो दारात उभा राहून म्हणाला, काकू, तुम्ही मला विचारलंसुद्धा नाही. तिथे दुसरी मशीन लागली, काच नसलेली. म्हणजे आता तो ऑपरेटरही धूळ खातोय आणि त्या बायाही. यात कोणाचं भलं झालं? पगार चालूच राहील, रोज येत जा, एवढंच काकू म्हणाल्या. तो रोज यायचा, मशीनचे दांडे पुसायचा आणि काकूंशी न बोलता काकांशी बोलायचा.

ते दिवस वाईट होते. काकू इंजिन सुरू न करताच केबिनमध्ये जाऊन बसायच्या, बंद काचेत, घामाघूम. एकदा मी सरबताचा पेला वर दिला तेव्हा मला म्हणाल्या, "मले वाटलं होतं, माणसाले काचेच्या आत बसवलं का झालं काम." मी रिकामा पेला घेऊन खाली उतरले. एवढ्या सगळ्यात काकांनी मशीन विकून टाकायचा विषय काढला. काकूंनी विचार करते म्हटलं. त्या नाही म्हणाल्या नाहीत, हे पाहून काका स्वतःच घाबरले.

आणि मग एका दुपारी मॅनेजर आला. मोटारसायकलवरून, आर्वी रोडचं सगळं ऊन डोक्यावर घेऊन. त्या दिवशी इंजिन चालू होतं आणि काकू वर होत्या. काकांनी मला दाखवलं तसंच त्यालाही बोट करून दाखवलं. तो बूट काढून चढला. मी बँकेतून जेवायला आले होते, ते सगळं खिडकीतून पाहिलं. काय बोलणं झालं ते काकूंनी नंतर सांगितलं. दुसऱ्या मशीनच्या ऑपरेटरला ऊन लागलं होतं आणि तो काम सोडून गावी गेला होता. शेजारच्या संत्र्याच्या बागवाल्यानं पानांवरच्या धुळीवरून तहसीलदाराकडे अर्ज केला होता. मालक आता नळीला तयार होते. हे सगळं सांगायला फार वेळ लागू नये, पण मॅनेजर काही खाली उतरेना. पाणी प्यायला, पुन्हा पाणी प्यायला, मुलांच्या शाळेचं सांगितलं, सासऱ्याच्या गुडघ्याचं सांगितलं. शेवटी काकूंनीच त्याला उतरवलं. "आता जा बापा," त्या म्हणाल्या, "डिझेल मायं जळून राह्यलं."

मशीन परत खदानीत गेली त्यानंतरच्या रविवारी काकूंनी मला पुन्हा स्कूटी काढायला लावली. खदान त्या रविवारीही चालू होती. पट्ट्यावर काळी नळी आली होती आणि तिच्यातून धुक्यासारखं पाणी पडत होतं. धूळ अगदीच गेली नव्हती, पण बायांचे चेहरे ओळखू येत होते, दुपट्टे गळ्यात आले होते. काकू खुशीत पुढे गेल्या, तर सुखदेवच्या चुलत बहिणीनं त्यांना तिथेच धरलं. दिवसभर चिखलात पाय, साडी गुडघ्यापर्यंत ओली, फावडं जड झालेलं. हे कोणी करायला सांगितलं होतं, असं ती विचारत होती. मी हळूच मागे सरकले. पण काकूंना राग आला नाही. त्या चिखलात उतरल्या, पाऊल उचलून पाहिलं, आणि मॅनेजरकडे जाऊन रबरी बुटांवरून नवा वाद सुरू केला. पुढच्या आठवड्यात बूट आले. सगळे एकाच मापाचे, पुरुषांचे. त्यावरून तिसरा वाद झाला, पण तेव्हा मी नव्हते.

आम्ही निघालो तेव्हा जेवणाची सुट्टी संपली होती. बाया उठल्या, एकीनं मशीनकडे बघून काश्मीरची थट्टा केली आणि बाकीच्या हसल्या. सुखदेवनं चप्पल खाली काढली, वर चढला, पुढची काच ओढून घेतली आणि दार लावलं. पंखा सुरू झाल्याचा आवाज खालीसुद्धा आला.

काकू मशीनपासून बऱ्याच लांब उभ्या होत्या. तिथून त्यांनी त्याला सूचना द्यायला सुरुवात केली. काच पूर्ण लावजो, डब्यात उरलेली भाजी आंबायच्या आत खाजो, मान आखडली तर उतरून फिरजो, रविवारचा फिल्टर सोमवारी घेऊन ये. सुखदेवनं सोंडेची बकेट दगडात घातली. काकूंनी आवाज चढवला. तो समोर बघत मशीन फिरवत होता. त्याचे ओठ हलत होते, बहुतेक गाणं म्हणत असावा.

मी म्हटलं, काकू, त्याला काही ऐकू येत नाहीये.

त्या थांबल्या. पदर नीट केला आणि काचेकडे डोळे भरून पाहिलं.

"नाई न येत," त्या म्हणाल्या, आणि इतक्या समाधानानं हसल्या की खाली काम करणाऱ्या बाया फावडी थांबवून आमच्याकडे बघायला लागल्या. मग त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सगळ्या सूचना द्यायला घेतल्या.